दिवाणखान्यातली वखार

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचं ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय १७२० च्या दशकाच्या अखेरीस नव्यानं बांधून झालं, तेव्हा संचालकांच्या बैठकीच्या दालनाला चित्रं हवी होती. कंपनीनं दोन चित्रकार गाठले. जॉर्ज लॅम्बर्ट निसर्गचित्रं काढणारा, नाटकांचे पडदे रंगवण्यात मुरलेला. सॅम्युएल स्कॉटचा हातखंडा समुद्र आणि जहाजं. एकानं किनारा, तटबंदी, इमारती रंगवायच्या, दुसऱ्यानं पाणी आणि शिडं. १७३२ साली सहा चित्रांचे मिळून ९४ पौंड १० शिलिंग चुकते झाले. विषय होते मुंबई, मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, तेलिचेरी, केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना. यातल्या कुठल्याही हिंदुस्थानी बंदरावर दोघांपैकी एकानंही पाऊल ठेवलेलं नव्हतं.

म्हणजे वखारीचं चित्र ही जन्मापासूनच भिंतीची सजावट. फरक इतकाच, की ती भिंत मालकाची होती.

आज ही सहा चित्रं ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत आणि त्यांच्या, त्यांच्यासारख्या डच चित्रांच्या, जुन्या ताम्रपट छापांच्या प्रती कुणालाही घरी लावता येतात. दिवाणखान्यातल्या लांबट भिंतीला असं चित्र शोभतंही. आडवा आकार, मोठं आभाळ, मातकट आणि करडे रंग, जवळ गेलं की सापडणारी बारीकसारीक माणसं. छपाईच्या दुकानातल्या ठरावीक बुद्धमूर्ती आणि सात धावत्या घोड्यांपेक्षा ते कितीतरी जास्त काळ बघत राहावंसं वाटतं. पण ते लावताना चार गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या: चित्र कुणी कुणासाठी काढलं, त्यात काय गाळलं, ते छापायचं कसं आणि आपल्या हवेत टिकवायचं कसं.

सुरुवात चित्र वाचण्यापासून करावी. लॅम्बर्ट-स्कॉट यांच्या मुंबईच्या चित्रात समोर बंदर आहे, पाण्यावर कंपनीचा पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा मिरवणारी जहाजं आहेत आणि मागे किनाऱ्यालगत मुंबईचा किल्ला. सगळं कसं शांत, वारा अनुकूल, धंदा सुरळीत. आता त्या काळातली खरी मुंबई आठवून पाहावी. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात १६६१ मध्ये आंदण म्हणून ठरलेलं हे बेट इंग्लंडच्या राजानं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला दिलं आणि १६८७ मध्ये कंपनीनं पश्चिम किनाऱ्यावरचं आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इथं हलवलं. पण बंदराच्या तोंडाशीच आंग्र्यांचा वावर होता. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर केलेला हल्ला फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर केलेली स्वारीही फसली. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, म्हणजे चित्र रंगवलं गेलं त्याच्या अगदी तोंडावर. त्यांच्या गुराबा आणि गलबतांची धास्ती लंडनच्या त्या दालनात नक्कीच ठाऊक होती, पण भिंतीवर तिला जागा नव्हती. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घाबरून वर्गणी काढली, त्यातून कोटाभोवती खंदक खणला गेला. चित्रात तो नाही, कारण ते आधीचं आहे.

हे कळल्यावर चित्र फिकं पडत नाही, उलट रंगतं. कंपनीनं स्वतःची काढून घेतलेली ही तसबीर आहे, आणि तसबिरीत माणूस चांगले कपडे घालूनच बसतो. घरी लावताना तिच्याकडे त्याच नजरेनं पाहावं. जुन्या मुंबईचा फोटो समजून लावलं तर फसगत. कंपनीची जाहिरात समजून लावलं तर गंमत.

कुठलं चित्र निवडावं, याचं उत्तर घर आणि माणसं पाहून द्यावं लागतं. मोठी भिंत आणि तपशिलाची हौस असेल, तर हेन्ड्रिक व्हान स्कायलेनबुर्ख या मिडलबुर्गच्या डच चित्रकाराचं हुगळीच्या वखारीचं चित्र अप्रतिम आहे. १६६५ सालचं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, मूळ कॅनव्हास २०३ बाय ३१६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एका खोलीच्या भिंतीएवढा. गंगेच्या काठी भिंतींनी बंदिस्त केलेली आयताकृती वखार, आत कचेऱ्या, कोठारं आणि रेखीव बागा, वर डच झेंडा, नदीत जहाजं. बंगालमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक राहिलेल्या पीटर स्टर्थेमियस यानं ते काढून घेतलं असावं, असं मानलं जातं. रेशीम, सोरा, अफू आणि सुती कापड यांनी भरभराटलेल्या व्यापाराची ती आठवण होती. हा चित्रकारही हिंदुस्थानात आल्याचं दिसत नाही. त्यामुळे भिंतींच्या आतली वखार शिस्तीत, मोजूनमापून रंगवलेली आणि भिंतींबाहेरचा बंगाल मात्र ऐकीव गोष्टींनी भरलेला. तंबू, मिरवणूक, पाठीत आकडे टोचून गोल फिरणारे चरकपूजेतले भक्त, आणि चितेवर जाणारी विधवाही.

इथं थोडं थांबायला हवं. सती जाणारी बाई ज्या चित्रात आहे, ते जेवणाच्या टेबलासमोर लावायचं का? छोट्या प्रतीत ती सहज नजरेत येत नाही, पण तीन-चार फुटांच्या छापात येते आणि शाळकरी मुलांना तर सगळ्यात आधी दिसते. मग प्रश्न येतात. उत्तर द्यायची तयारी असेल तर जरूर लावावं. 'आतले आम्ही व्यवस्थित, बाहेरचे ते विचित्र' हे सांगायला युरोपी चित्रकारांनी असे प्रसंग वखारीच्या शेजारी मांडले, हे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येतं. तयारी नसेल तर दुसरं चित्र निवडावं. तेवढा भाग कापून छापून घेणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. चित्राचा तोल जातो आणि लबाडीत आपलीही भर पडते.

माणसांची वर्दळ आवडणाऱ्यांसाठी अँड्रिस बेकमनचं बटाव्हियाचं चित्र आहे. बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. हेही राइक्सम्युझियममध्येच, १६६० च्या सुमाराचं, १०८ बाय १५१.५ सेंटिमीटर. हे अ‍ॅमस्टरडॅममधल्या डच कंपनीच्या मुख्यालयासाठी रंगवलेलं, पण बेकमन स्वतः पूर्वेकडे जाऊन आला होता आणि ते चित्रात कळतं. किल्ला मागे, धूसर. पुढे माडांच्या सावलीत भरलेला बाजार. चिनी, जावानीज, युरोपी आणि मार्डाइकर, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या लोकांचा समाज, ज्यातल्या अनेकांची मुळं हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर होती. कोकणातल्या माणसाला हे चित्र पटकन आपलं वाटतं. माड, फळांचे ढीग, पाण्यावरून येणारा उजेड, सगळं ओळखीचं.

मराठी घरासाठी सगळ्यात मजेदार निवड मात्र तिसरीच. याच डच मुख्यालयासाठी १६६२-६३ च्या सुमारास पूर्वेकडच्या शहरांच्या चित्रांची एक मालिका तयार झाली. ती योहानेस व्हिंकबोन्सच्या नावावर सांगितली जाते. त्यात कोची आहे, कँटन आहे, सयामची आयुथया आहे आणि चक्क रायबागही आहे. आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा आदिलशाहीतली नामांकित पेठ होती. राजापूर-वेंगुर्ल्याच्या बंदरांकडे माल उतरवणाऱ्या व्यापाऱ्यांना ती चांगली माहीत होती. डच चित्राच्या नावात मात्र रायबागला थेट विजापूरच्या राज्याची राजधानी करून टाकलं आहे! मिरज, कोल्हापूर, चिकोडीकडच्या कुणाच्या घरात हे चित्र लागलं तर पाहुण्यांशी गप्पांना विषय शोधावा लागणार नाही. तेव्हा वेंगुर्ल्यात १६३७ पासून डचांची वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत आणि चित्र लावण्याआधी ते जाऊन पाहावेत.

याच मालिकेत बांदा नैरा आहे. पाणी, डोंगर, टुमदार वस्ती. याच बेटांवर १६२१ मध्ये यान पीटरसून कूनच्या फौजेनं जायफळाच्या मक्तेदारीपायी जवळजवळ सगळी मूळ वस्ती मारली, हाकलली किंवा गुलाम करून नेली. देखण्या चित्रामागे एवढं रक्त असेल तर ते बेडरूममध्ये शांत झोपेसाठी लावू नये, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. अभ्यासिकेत, शेजारी दोन पुस्तकं ठेवून लावलं तर ते आपलं काम करतं.

चौथा पर्याय कँटनच्या वखारींचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिनी चित्रकार परदेशी व्यापाऱ्यांसाठी पर्ल नदीकाठच्या 'तेरा वखारीं'ची चित्रं काढू लागले. काचेवर, कॅनव्हासवर, कागदावर. पांढऱ्या इमारतींची रांग, समोर देशोदेशींचे झेंडे, पुढे होड्यांची गर्दी. झेंडे कुठले आणि किती, यावरून चित्राचा काळ ताडता येतो. या व्यापारात मुंबईचे पारशी मोठ्या संख्येनं होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या वाऱ्या केल्या आणि कापूस व माळव्याच्या अफूवर पैसा उभा राहिला. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा यांमागचा पैसा त्याच मार्गानं आलेला. मुंबईकराच्या भिंतीवर कँटन असेल तर तो परदेशी विषय नव्हे. या वखारी १८२२ च्या आगीत जळाल्या, पुन्हा बांधल्या आणि १८५६ मध्ये कायमच्या नष्ट झाल्या, त्यामुळे त्या पाहायला आता चित्रांशिवाय जागाही नाही.

निवड झाली की छपाई. इथं बहुतेकांचा घोळ होतो. शोधयंत्रावरून उचललेली छोटी प्रतिमा फ्लेक्सवाल्याकडे नेली की तीन फुटांवर तिचा चिखल होतो. राइक्सम्युझियम आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली संकेतस्थळावर फुकट देतं आणि त्या छापण्यावर बंधन नाही. अमेरिकेतलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांचीही हक्कमुक्त चित्रांबाबत तशीच रीत आहे. ब्रिटिश लायब्ररीसारख्या संस्थेकडची प्रतिमा घ्यायची तर तिथल्या अटी वाचून, लागेल तो परवाना घेऊन घ्यावी.

फाइल पुरेशी मोठी आहे की नाही हे बघायला साधा हिशेब पुरतो. जवळून पाहायच्या छापाला इंचामागे ३०० पिक्सेल हवेत, सोफ्यावर लावून सहा-सात फुटांवरून पाहायच्या छापाला १५० चालतात. ३६ इंच रुंद छाप हवा तर आडव्या बाजूला किमान ५,४०० पिक्सेल, उत्तम हवा तर १०,८००. वखारीच्या चित्रांची सारी मजा जवळ जाऊन माणसं शोधण्यात असते, म्हणून इथं कंजुषी नको. फाइल लहान असेल तर छाप लहान करावा. १४ इंचांचा स्वच्छ छाप ३६ इंचांच्या धुरकट छापापेक्षा केव्हाही बरा.

दुसरी अडचण मापाची. दुकानदाराकडे २४ बाय ३६ इंचांच्या तयार फ्रेमा असतात आणि तो चित्र त्यात 'बसवून' देतो. बसवणं म्हणजे कापणं. हुगळीचं चित्र २४ इंच उंच छापलं तर रुंदी भरते ३७.४ इंच, म्हणजे बाजूंनी जवळपास दीड इंच जाणार. बटाव्हिया उलट, ३६ इंच रुंद छापलं तर उंची येते २५.७, म्हणजे वरचं आभाळ किंवा खालचा बाजार, यांतलं काहीतरी छाटलं जाणार. चित्राच्या मूळ मापाच्या प्रमाणात छापून फ्रेम त्याला करून घ्यावी, खर्च थोडाच वाढतो. कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणायचं असेल, तर कडेला वळणारा भाग चित्रातून घेऊ नका, कोरी किंवा एकरंगी पट्टी ठेवा, असं छापणाऱ्याला आधीच बजावावं. नाहीतर कडेचं जहाज अर्धं भिंतीकडे वळतं.

कागद की कॅनव्हास? मूळ तैलचित्र असल्यानं कॅनव्हास अनेकांना योग्य वाटतो, पण बारीक तपशिलासाठी मॅट, आम्लमुक्त कॉटन रॅग कागद आणि पिगमेंट शाई यांचा छाप सरस ठरतो. तरीही कॅनव्हासच हवा असेल तर चकाकी असलेला घेऊ नये, आणि वरून ब्रशचे फटकारे उमटवणारी जेल तर मुळीच नको. खोटं तैलचित्र दोन फुटांवरून ओळखू येतं. छापायच्या आधी एक छोटा नमुना मागून तो घरच्या भिंतीपाशी, घरच्या दिव्यात पाहावा. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश पिवळट झालेलं असतं आणि पडद्यावर छान वाटलेलं चित्र कागदावर काळपट उतरू शकतं. थोडं उजळवायला हरकत नाही. रंग 'ताजे' करण्याचा मोह मात्र टाळावा. निळंशार आकाश आणि हिरवागार माड आले की सतराव्या शतकाचं कॅलेंडर होतं.

फ्रेमिंगमध्ये आपली हवा विसरून चालत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथं पावसाळ्याचे चार महिने कागद ओल पितो, फुगतो आणि काचेला चिकटला की बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. म्हणून चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लमुक्त माउंट हवं, किंवा माउंट नको असेल तर काचेच्या आतल्या कडेनं बारीक पट्टी. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड किंवा हलका प्लाय मारतो आणि त्यातलं आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करतं, म्हणून कागद आणि त्या फळीमध्ये आम्लमुक्त बोर्डाचा एक थर मागावा. मागची बाजू कागदी टेपनं बंद करावी, म्हणजे धूळ आणि झुरळं आत शिरत नाहीत. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची किंवा फेल्टची बटणं लावली की फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. वाळवीच्या भागात ट्रीट केलेलं लाकूड किंवा अ‍ॅल्युमिनियम. सोनेरी नक्षीची जाड फ्रेम या चित्रांना शोभते असं फ्रेमवाला ठामपणे सांगेल. मूळ चित्रं तशाच भारी चौकटींत होती हेही खरं. पण दहा बाय चौदाच्या खोलीत ती चौकट आधी दिसते आणि चित्र नंतर. अरुंद, गडद शिसवी रंगाची सपाट पट्टी सतराव्या शतकातल्या डच घरांतही वापरली जात असे, आणि ती आपल्या सागवानी फर्निचरशीही जुळते.

भिंत निवडताना बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा खाणारी भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत वर्ज्य समजावी. थेट ऊन येतं तिथंही नको, पिगमेंट शाईसुद्धा रोजच्या उन्हात उडते. देवघराजवळ लावलं तर निरांजन-उदबत्तीची काजळी बसते. उभ्यानं पाहायच्या जागी, म्हणजे पॅसेजमध्ये, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ५८ इंचांवर असावा. सोफ्यामागे लावताना सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर, आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. आपल्याकडे चित्रं छताजवळ टांगायची जुनी सवय आहे. पूर्वजांच्या तसबिरींना ती शोभत असेल, पण ज्यात जवळ जाऊन पाहायचं आहे ते चित्र नजरेच्या पातळीवरच हवं. काचेची मोठी फ्रेम जड होते, तिला एका खिळ्यावर विसंबून ठेवू नये. दोन रावळ प्लग, दोन हुक.

भिंतीचा रंग पांढराशुभ्र असेल तर ही चित्रं त्यावर मळकट वाटतात. मातकट हिरवा, राखी, विटकरी किंवा फिका पिवळा यांवर ती खुलतात. दिव्याला उबदार रंगाचा एलईडी, २,७०० ते ३,००० केल्विन, रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा, आणि वरून तिरका. समोरून मारलेला झोत काचेत परततो आणि पाहुण्याला हुगळीऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो.

आता घरातला खरा वाद. 'ज्यांनी लुटलं त्यांचा किल्ला आपल्या हॉलमध्ये कशाला?' हा प्रश्न एखादा काका किंवा कॉलेजात जाणारी पुतणी विचारणारच, आणि तो रास्त आहे. त्यावर उत्तम उपाय म्हणजे त्या चित्राला एकटं न सोडणं. कंपनीच्या दालनात ते कंपनीच्याच वस्तूंच्या संगतीत होतं. शेकोटीच्या वर मायकेल रिसब्रॅकनं घडवलेलं संगमरवरी शिल्प होतं, ज्यात पूर्वेकडचे देश ब्रिटानियाला आपली संपत्ती अर्पण करतात! आपल्या भिंतीवर संगत आपण ठरवायची. पुण्याच्या गंगाराम तांबटांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं काढलेलं चित्र येल सेंटरच्या संग्रहात आहे. लॅम्बर्टनं न पाहिलेल्या मुंबईशेजारी, मराठी चित्रकारानं समोर उभं राहून पाहिलेला गेंडा लावला की भिंत बोलू लागते. मुंबईच्या चित्राला विजयदुर्गाचीही जोड देता येते. १७५६ मध्ये कंपनीच्या आणि राजाच्या आरमारानं आंग्र्यांच्या या किल्ल्यावर केलेल्या हल्ल्याचं डॉमिनिक सेरेसनं काढलेलं चित्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. एका चित्रात निवांत बंदर, दुसऱ्यात त्या निवांतपणाची किंमत.

याहून साधी जोड मालाची. वखारी उभ्या राहिल्या त्या मिरी, नीळ, सोरा आणि मुख्यतः कापडासाठी. मच्छलीपट्टणमची कलमकारी डच आणि इंग्रज दोघेही जहाजं भरभरून नेत. आजही तिथं ठशांची कलमकारी होते. तिचा हातभर तुकडा चित्राच्या बाजूला नुसता टांगला तरी वखार कशासाठी होती हे कळतं. आणि चित्राखाली छोटी पाटी हवीच: चित्रकार, साल, कुणासाठी काढलं, चित्रकारानं जागा पाहिली होती की नाही, मूळ कुठं आहे. संग्रहालयात असते तशी चार ओळींची. राजापूरच्या वखारीचा किस्सा अशा पाटीत हमखास बसतो. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात तिथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, आपला झेंडा फडकावून. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. व्यापारी म्हणवणारे तोफाही बाळगून असत, हे समजायला एवढी गोष्ट पुरते.

काहींना प्रतीवर समाधान वाटत नाही, त्यांना जुना छापच हवा असतो. तैलचित्रं आवाक्याबाहेरची, पण त्यांवरून किंवा त्यांच्या धाटणीनं काढलेले छाप बाजारात येतात. यान व्हान राइनचा १७५४ चा मुंबईचा छाप प्रसिद्ध आहे. रॉबर्ट सेयरनं लंडनमध्ये छापलेल्या या चित्राच्या नावात मुंबई मलबार किनाऱ्यावर आहे! जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची मुंबई परिसराची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. हा वेल्स पुण्यात पेशव्यांच्या दरबारात राहून सवाई माधवरावांचं चित्र काढणारा. १५७२ च्या ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या शहरांच्या ग्रंथातलं एक पान तर चार ठाणी एकत्र दाखवतं: कालिकत, कण्णूर, होर्मुझ आणि आफ्रिकेतलं एल्मिना.

चोरबाजारात किंवा ऑनलाइन असा छाप समोर आला तर दहापट भिंगाखाली धरावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर तो आधुनिक ऑफसेट, कितीही पिवळा आणि फाटका असला तरी. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करणं ही फार जुनी कारागिरी आहे. ताम्रपटाच्या छापात रेषा सलग, शाईनं किंचित उठलेल्या असतात, आणि चित्राभोवती धातूच्या पत्र्यानं दाबलेली आयताची कड बोटाला लागते. शिळाछापाला ती कड नसते, म्हणून तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये. जुना कागद उजेडासमोर धरला की बऱ्याचदा साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात. रंग बहुतेक वेळा हातानं भरलेले, तेही पुष्कळदा नंतर. खरा छाप हाती लागला तर लॅमिनेशन आणि सेलोटेप यांपासून त्याला जिवापाड जपावं, दोन्हींचं नुकसान भरून येत नाही. डाग काढायचे असतील तर ते कागदाचं काम जाणणाऱ्या संवर्धकाकडेच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारणा करावी.

कायद्याची बाजूही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र किंवा छाप पुरावशेष ठरू शकतो. असा माल विकणाऱ्याकडे परवाना लागतो, काही प्रकारांची, त्यात चित्रंही आली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते, आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सी किंवा दुबईहून सुट्टीला आलेल्या मराठी माणसानं चोरबाजारातून घेतलेला खरा जुना छाप सामानात घालून नेणं म्हणूनच गुन्हा ठरू शकतो. त्यांनी लंडन किंवा अ‍ॅमस्टरडॅमच्या विक्रेत्याकडून घ्यावा, किंवा सरळ नवी प्रत छापून न्यावी. प्रत मुद्दाम जुनाट दिसेल अशी केली असेल तर छापखान्याचं बिल सोबत ठेवावं, आणि शंकाच नको असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला निघण्याआधी काढून घ्यावा.